हृदय सुधारले, मग फुप्फुसे का बिघडली?

गेल्या आषाढात आमच्या घरी जो प्रसंग गुदरला, तो काही जगावेगळा नव्हता. आमचे धाकटे बंधू, वय वर्षे ५८, यांच्या हृदयाच्या रोहिण्यांत अडथळे निघाले, एक झडपही निकामी झालेली आढळली. शस्त्रक्रिया ठरली, ती यथासांग पार पडली, आणि शस्त्रवैद्यांनी बाहेर येऊन ‘हृदय उत्तम चालले आहे’ असे सांगताच घरातील वडील मंडळींनी देवापुढे साखर ठेवली. परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे निरोप आला, की श्वासाची नळी आज काढता येत नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो आहे. क्ष-किरणांच्या चित्रात दोन्ही फुप्फुसे पांढुरकी दिसत आहेत. हे ऐकताच घरातील प्रत्येकाच्या तोंडून एकच प्रश्न निघाला: दुखणे हृदयाचे, शस्त्र चालले हृदयावर, मग फुप्फुसांचे काय बिघडले?

ह्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो आणि तो बहुधा कुजबुजीनेच विचारला जातो: चूक कोणाची? आमचे एक आप्त तर त्याच दिवशी तक्रारीचा कागद लिहावयास बसले. त्यांस आम्ही एवढेच म्हटले, की आधी समजून तर घेऊ. कागद काय, उद्याही लिहिता येईल. ते समजून घेण्याच्या खटपटीतून प्रस्तुत लेख झाला आहे. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. आमची चौतीस वर्षे विद्यार्थ्यांस संस्कृत शिकविण्यात गेली. जे काही आम्हांस उमगले, ते अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून, डॉक्टरांस पुनःपुन्हा विचारून आणि आमच्या पुतणीने मिळवून दिलेले ग्रंथ व निबंध वाचून. ज्यांच्या घरी असा प्रसंग उद्या येईल, त्यांच्या ते उपयोगी पडावे एवढाच हेतू.

प्रथम एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपण घरोघर ‘बायपास झाले’ असे म्हणतो, तेव्हा आपल्या मनात हृदयाच्या तुंबलेल्या रोहिणीस बगल देणारी नवी वाट असते. डॉक्टर लोकांच्या बोलण्यात मात्र ह्याच शब्दाचा दुसराही अर्थ असतो. हृदय आणि फुप्फुसे या दोहोंनाच काही काळ बगल देऊन रक्त यंत्रातून फिरविणे, ह्यासही ते बायपासच म्हणतात. पहिली बगल जन्मभर राहते. दुसरी तासा-दोन तासांची असते. आपल्या देशात रोहिण्यांची शस्त्रक्रिया पुष्कळदा धडधडत्या हृदयावरच, यंत्रावाचून करतात. परंतु हृदय उघडून आतील झडप बदलावयाची, तर ते रिकामे व निश्चल असावे लागते. आमच्या बंधूंच्या बाबतीत यंत्र अपरिहार्य होते ते ह्यामुळे.

आता फुप्फुसांचे हृदयाशी नाते काय, ते पाहू. शार्ङ्गधराच्या संहितेत प्राणवायू हृदयकमलास स्पर्श करून कंठावाटे बाहेर जातो आणि आकाशातील अमृत पिऊन वेगाने परत येतो, अशा आशयाचे मोठे रमणीय वर्णन आहे. आजच्या शास्त्राची भाषा निराळी. तरी हृदय आणि श्वास यांची सांगड तीही घालते. शरीरभर फिरून आलेले काळसर रक्त हृदयाच्या उजव्या भागात येते, तेथून सर्वच्या सर्व फुप्फुसांत जाते, तेथे प्राणवायू घेऊन लाल होते आणि डाव्या भागावाटे पुन्हा शरीरात पसरते. मूत्रपिंडास किंवा मेंदूस रक्ताचा वाटा मिळतो. फुप्फुसांकडे मात्र सगळी गंगा वळते. त्यांतील वायुकोश तीस कोटींहून अधिक असून ते उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. ह्या कोशांभोवती केसाहूनही पुष्कळ बारीक अशा रक्तवाहिन्यांचे जाळे असते. रक्तात जे काही बरेवाईट उत्पन्न होईल, ते पहिल्यांदा ह्याच जाळ्यात येऊन अडकते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे पुढील विवेचन सुलभ होईल.

यंत्राची कथाही थोडक्यात सांगितली पाहिजे. १९३०-३१ च्या सुमारास अमेरिकेत बॉस्टन येथे जॉन गिबन नावाचे एक तरुण डॉक्टर एका आसन्नमरण स्त्रीच्या उशाशी रात्रभर बसले होते. तिच्या फुप्फुसाच्या रोहिणीत रक्ताची गाठ अडकली होती. तिचे काळे पडत चाललेले रक्त बाहेर काढून, त्यास प्राणवायू देऊन परत आत सोडता आले तर, हा विचार त्या रात्री त्यांच्या मनात आला, आणि पुढील दोन दशके त्यांनी पत्नीच्या साहाय्याने त्याचाच पाठपुरावा केला. दिनांक ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र त्यांनी शिवले. त्या वेळी २६ मिनिटे ती सर्वस्वी यंत्राच्या आधारावर जिवंत होती. ती बरी झाली; परंतु पुढचे रुग्ण दगावल्यामुळे गिबन यांनी हे काम सोडून दिले.

पुढच्याच वर्षी मिनेसोटा येथे वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राच्या जागी माणूस योजिला! लहान मुलाशेजारी त्याच्या पित्यास किंवा मातेस निजवून, मुलाचे रक्त त्यांच्या शरीरातून फिरवून आणावयाचे, अशी ती युक्ती. दिनांक २६ मार्च १९५४ रोजी असा पहिला रुग्ण झाला तो एक वर्षाचा मुलगा. पित्याच्या फुप्फुसांनी त्यास त्या घटकेपुरते तारले, हृदयातील छिद्र बुजले, आणि अकरा दिवसांनी ते मूल न्युमोनियाने गेले. म्हणजे हृदय सुधारूनही फुप्फुसांनी दगा देण्याची ही गोष्ट ह्या विद्येच्या आरंभापासूनचीच आहे. तशा ४५ रुग्णांपैकी २८ घरी परतले. १९५५ मध्ये मेयो क्लिनिक येथे जॉन कर्कलिन यांनी गिबन यांचे यंत्र सुधारून पुन्हा उपयोगात आणिले, आणि तेव्हापासून यंत्राची परंपरा अखंड आहे. आपल्या मुंबईस के. ई. एम. रुग्णालयात १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. सेन यांनी हृदयाचे प्रत्यारोपण केले, ते ह्याच विद्येच्या बळावर.

यंत्राचा प्रसार झाला तसतसे डॉक्टरांच्या ध्यानात येऊ लागले, की काही रुग्णांची फुप्फुसे नंतर जड, ताठर व पाणथळ होतात. १९६० नंतरच्या दशकात ह्या विकारास ‘पंप-लंग’ असे नावच पडले. त्याची कारणे एक नव्हे, अनेक आहेत. ती आम्ही आमच्या समजुतीप्रमाणे क्रमाने देतो.

पहिले आणि मुख्य कारण म्हणजे रक्ताचे सोवळे. आमच्या आजीचे सोवळे इतके कडक असे, की वाळत घातलेल्या धाबळीस परक्याचा पदर लागला तरी ती पुन्हा भिजवीत असे. रक्ताचे सोवळे याहूनही कडक आहे. आपल्या वाहिन्यांच्या आतील मऊ अस्तराखेरीज इतर कोणत्याही वस्तूस स्पर्श झाला, की रक्त त्यास परचक्र समजते. यंत्राच्या नळ्या कितीही स्वच्छ असोत, त्या परक्याच. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन नावाचे औषध देतात, त्याने गुठळ्या टळतात. परंतु रक्तातील जी प्रथिने जंतूंविरुद्ध प्रथम उठाव करतात, ती त्याने पुरती आवरत नाहीत. ह्या प्रथिनांस कॉम्प्लिमेंट असे म्हणतात. यंत्राच्या योगाने ती जागृत होतात, हे कर्कलिन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. त्यांची हाक ऐकून रक्तातील श्वेतपेशी खवळतात, ताठरतात व चिकट होतात. फुप्फुसांतील वाहिन्या मुळातच इतक्या अरुंद, की श्वेतपेशीस अंग चोरूनच त्यांतून जावे लागते. ताठरलेली पेशी तेथेच अडून बसते आणि जंतूंसाठी राखलेली अस्त्रे आपल्याच घराच्या भिंतीवर सोडते. भिंत झिरपू लागते, रक्तातील पाणी कोशांच्या सभोवती व पुढे कोशांत उतरते. क्ष-किरणाच्या चित्रातील पांढुरकेपणा तो हाच. शत्रू आला नसता सैन्याने गावच लुटावा, तशातला हा प्रकार.

दुसरे कारण उपासाचे. यंत्र चालू असता फुप्फुसांच्या मोठ्या रोहिणीतून रक्त जवळजवळ वाहत नाही. श्वासनलिकांच्या बारीक रोहिण्यांचा काय तो आधार, आणि एरवी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जेमतेम शेकडा एक ते तीन भाग त्यांच्या वाट्यास येत असतो. तेवढ्या शिदोरीवर फुप्फुसे तग धरतात खरी. परंतु कोरड्या पडलेल्या पाटात एकाएकी पाणी सोडले म्हणजे काठ ढासळतात, त्याप्रमाणे हृदय पुन्हा चालू होऊन रक्ताचा लोंढा आत शिरतो तेव्हा नवी इजा होते.

तिसरे कारण मिटलेल्या कोशांचे. यंत्र प्राणवायूचे काम पाहत असल्यामुळे त्या वेळी फुप्फुसे बहुधा निश्चल ठेवतात. वायुकोशांच्या आतून एक अत्यंत पातळ लेप असतो, त्याच्या योगे ते उघडे राहतात. हा लेप बिघडला आणि श्वासाची हालचाल थांबली, की कोश ओल्या कापडाच्या घड्यांसारखे एकमेकांस चिकटतात. हे विशेषेकरून डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात घडते. शिवाय हृदय थंड करण्यासाठी बर्फ वापरल्यास जवळून जाणारी, श्वासपटल हलविणारी मज्जा बधिर होते व ते पटल काही दिवस आळसावते.

चौथे कारण पाण्याचे. यंत्राच्या नळ्या आरंभी क्षारयुक्त पाण्याने भराव्या लागतात; त्यामुळे रक्त पातळ होते आणि पाणी वाहिन्यांत धरून ठेवण्याची त्याची शक्ती उणावते. त्यातून हृदयाचा डावा भाग नीट रिकामा होत राहिला नाही, तर मागे फुप्फुसांवर ताण पडतो. पाचवे कारण दानात मिळालेल्या रक्ताचे. ते पुष्कळदा प्राण वाचविते. पण क्वचित दात्याच्या रक्तद्रवातील प्रतिद्रव्ये घेणाऱ्याच्या श्वेतपेशींशी भांडतात आणि थोड्या तासांत फुप्फुसांत पाणी भरते. आरंभीच्या काळी यंत्रच अनेक दात्यांच्या रक्ताने भरीत असत. आता तसे करीत नाहीत, हा मोठाच लाभ झाला. हेपारिनचा उतारा म्हणून देतात ते प्रोटामिन नावाचे औषधही एखाद्याच्या फुप्फुसांतील वाहिन्या एकदम आवळून टाकते. शेवटी, उरोस्थी चिरलेली असल्यामुळे रुग्ण वेदनेच्या भयाने खोकत नाही, दीर्घ श्वास घेत नाही. कफ साचतो व जंतूंस आयते घर मिळते.

एवढे वाचून कोणी म्हणेल, की मग सारा दोष यंत्राचाच. तसे नाही. यंत्रावाचून केलेल्या शस्त्रक्रियांनंतरही फुप्फुसांची शक्ती काही दिवस उणावलेली आढळते. कारण भूल, छेद, वेदना आणि निजून राहणे ही चौकडी दोहींकडे समान आहे. हेही सांगितले पाहिजे, की प्राणवायू थोडासा उतरणे व कोश मिटणे हे कमीअधिक प्रमाणात पुष्कळांस होते आणि बहुतेक जण त्यातून सहज बाहेर पडतात. फुप्फुसे पाण्याने भरून जाण्याचा उग्र प्रकार शंभर रुग्णांत एक-दोघांस, किंबहुना त्याहूनही थोड्यांस होतो; परंतु ज्यास होतो त्याच्या जिवावरच बेतते.

उपायांच्या बाबतीतही आम्हांस शिकण्यासारखे पुष्कळ सापडले. पूर्वी रक्तात प्राणवायूचे बुडबुडे सोडून ते शुद्ध करीत. १९८० नंतर ती पद्धत मागे पडून रक्त आणि वायू यांमध्ये पातळ पडदा ठेवणारी साधने आली. नळ्यांस आतून हेपारिनचा लेप देऊन रक्ताचे सोवळे काही अंशी राखता येते. परंतु ज्यास तर्काने ‘असे असलेच पाहिजे’ म्हणावे, ते प्रयोगात टिकतेच असे नाही. श्वेतपेशींचा क्षोभ शमविण्यास स्टेरॉइड द्यावे, ही कल्पना किती सरळ! पण साडेसात हजार रुग्णांवर केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यामुळे मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. उलट, श्वासयंत्राने फुप्फुसांत मोठा वारा न भरता लहान लहान श्वास द्यावे, ही साधी गोष्ट फळास आली. अमेरिकेत ८६१ रुग्णांवर केलेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा बिघडलेल्या फुप्फुसांच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४० वरून ३१ वर आले. ते रुग्ण केवळ हृदयशस्त्रक्रियेचे नव्हते. पण नियम तोच. आमच्या बंधूंसही हाच उपचार झाला, आणि सातव्या दिवशी नळी निघाली.

आता जे सांगावयाचे, ते सांगताना लेखणी अडखळते. तिसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञ बाई, वयाने आमच्या विद्यार्थिनी शोभाव्या अशा, बाहेर आल्या व त्यांनी आम्हांस विचारले, ‘सर, हे धूम्रपान करीत होते का? कागदावर तर नाही असे लिहिले आहे.’ आम्ही छातीठोकपणे सांगितले, ‘आमच्या घरात विडी-काडी कोणी ओढीत नाही.’ मागे उभ्या असलेल्या आमच्या धाकट्या भावजयीने पदराने डोळे टिपले आणि खाली पाहूनच ती म्हणाली, ‘अण्णा, रात्री गच्चीवर रोज तीन-चार तरी होत असत. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत. तुम्हांस कळू द्यायचे नाही, अशी मला शपथ घातली होती.’

आम्ही त्या बाकावर मटकन बसलो. आमच्या धाकाचा आम्हांस आजवर अभिमान होता. वडील भावासमोर धाकट्याने तोंड वर करू नये, ह्या रीतीचे आम्ही शाळेत गोडवे गाइले होते. त्याच धाकाने आमच्या भावाच्या तोंडून डॉक्टरांपुढे खोटे वदविले. कारण त्याची चौकशी चालली तेव्हा आम्हीच त्याच्या खुर्चीमागे उभे होतो! आम्ही डॉक्टरबाईंस विचारले, ‘मग हे सारे त्यामुळेच झाले?’ त्या म्हणाल्या, ‘सारे त्यामुळेच, असे कोणी सांगू शकणार नाही. ज्यांनी कधी विडी शिवली नाही, त्यांनाही हे होते. पण आधी कळले असते, तर आम्ही काही आठवडे थांबलो असतो, फुप्फुसांची तयारी करून घेतली असती.’ तक्रारीचा तो कागद आमच्या आप्तांच्या खिशात होता. तो त्यांनी पुन्हा बाहेर काढला नाही आणि आम्हीही विचारले नाही.

ही तयारी म्हणजे काही अवघड तप नव्हे. धूम्रपान निदान महिना-दोन महिने आधी पूर्ण बंद करावे. दात व हिरड्या यांचे दुखणे, खोकला, ताप असल्यास तो लपवू नये. श्वास आत ओढण्याच्या स्नायूंस व्यायाम द्यावा. हॉलंडमध्ये उट्रेख्ट येथे जोखमीच्या २७९ रुग्णांवर प्रयोग झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला: ज्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी निदान दोन आठवडे असा व्यायाम केला, त्यांत फुप्फुसांच्या तक्रारी शेकडा १८ जणांस झाल्या, ज्यांनी केला नाही, त्यांत ३५ जणांस. शस्त्रक्रियेनंतर छातीशी उशी घट्ट धरून खोकावे, लवकर उठून बसावे, चार पावले चालावे, आणि तीन चेंडूंचे ते लहानसे साधन दिवसातून अनेकदा ओढावे. ‘दुखते आहे ना, निजू दे त्याला’ ही घरच्या बायामाणसांची माया ह्या ठिकाणी घातक ठरते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे ते हे, की डॉक्टर चौकशी करतील त्या वेळी घरच्या वडीलधाऱ्यांनी उठून बाहेर जावे. एकत्र कुटुंबात आदर असावा, मर्यादा असावी. पण रुग्ण आणि वैद्य यांच्यामध्ये तिने उभे राहू नये.

बंधू तेविसाव्या दिवशी घरी आले. तीन चेंडूंचे ते साधन देवघराजवळच्या कोनाड्यात असते. सकाळी आमची संध्या चालू असता, प्राणायामाच्या वेळी, पलीकडून ते चेंडू वर चढून खट्कन खाली पडल्याचा आवाज येतो. पहिले काही दिवस एकच चेंडू हलत असे; आता तिसराही उचलतो. आम्ही त्यांस गच्चीविषयी एक शब्दही विचारला नाही. एके दिवशी त्यांनीच होऊन सांगितले, आणि आम्ही ते प्रथमच ऐकत असल्याप्रमाणे ऐकून घेतले.